यंदा कानबाई कोणाच्या घरी

आमच्या गावाला तापीचा फार गर्व आहे. कशाचा ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. नदी काही यांनी आणलेली नाही. ती आधीच वाहत होती, हे नंतर येऊन काठावर बसले आणि तेव्हापासून बसूनच आहेत.

पाहुणा आला की त्याला आधी घाट दाखवायला नेतात. घाटाला रंगीत फरशा लावल्या आहेत. खाली बॅरेजचा बंधारा झाल्यापासून अर्ध्या फरशा पाण्याखाली गेल्या आणि उरलेल्यांवर शेवाळ चढलं. तिथे सिमेंटची बाकं आहेत, प्रत्येक बाकावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं. बाकांची तोंडं नदीकडे नाहीत, रस्त्याकडे आहेत. बसणाऱ्याला पाणी बघायचं नसतं. कोण कोणाकडे गेलं, कोणाच्या सुनेने डोक्यावरून पदर घेतला नाही, कोणाची केळी व्यापाऱ्याने कापून नेली, हे बघायचं असतं. गावात शिरताना कमान आहे. तिच्यावर पुढाऱ्यांचे फोटो लागतात आणि सण संपला की त्याच फ्लेक्सने लोक कापसाचा ढीग झाकतात. फोटोचा तेवढा एक उपयोग मी पाहिला आहे.

पाणी बारा महिने आहे असं अभिमानाने सांगतात. आहे खरं. पण पूर्वी ते चालायचं, आता एका जागी असतं. कपडे धुवून आणले तरी त्यांना एक कुबट वास राहतो. घाटाच्या टोकाला जुन्या दगडी पायऱ्या उरल्या आहेत, आम्ही बायका तिथे धुतो. रंगीत फरशीवर पाय ठरत नाही.

या गावात आमची भाऊबंदकी म्हणजे एका बोळातली पाच-सहा घरं. सगळी एकाच आडनावाची, एकाच खापरपणजोबाची आणि एकमेकांच्या वाईटावर. वर्षातून एकदा मात्र ती एक होतात, कानबाईला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आमची कानबाई म्हणजे पिढ्यांपासून चालत आलेला नारळ. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, चौरंगावर बसवायचं. रात्र जागवायची, सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायचं, अंघोळ घालायची आणि नारळ परत आणून पुढच्या वर्षापर्यंत जपून ठेवायचा. दरवर्षी एका घरी बसते. त्याला आम्ही बारी म्हणतो. यंदा बारी आमची होती.

आमची म्हणजे माझी आणि माझ्या लेकीची. मालक गेले त्याला तिसरं वर्ष चालू आहे. लेक नंदुरबारला नर्सिंग शिकते. कानबाईसाठी ती पंधरा दिवस सुट्टी काढून आली होती.

मला या लोकांना घरी बोलावून जेवू घालायची हौस होती असं कोणी समजू नये. मला बारी हवी होती ती काकीमुळे. काकी म्हणजे माझी चुलत सासू, बोळाच्या टोकाला एकटी राहते. फार वर्षांपूर्वी काकीचा नवरा गेला तेव्हा तिची बारी आली होती. "यंदा राहू द्या, पुढच्या वेळी बघू," असं सांगून कानबाई पुढच्या घरी नेली. पुढची वेळ आलीच नाही. एकदा ओलांडलेलं घर मग सगळेच ओलांडतात. लग्नाच्या हळदीला काकीला बोलावणं जाईना. भाऊबंद बसले की तिच्या घरचं कोणी आलं का, हे विचारायचं बंद झालं. तिच्या अंगणात आता माझ्या मोठ्या जेठाचा, म्हणजे थोरल्या दिराचा, ट्रॅक्टर उभा असतो आणि तो काढा म्हणायचा तिला हक्क आहे असं कोणालाच वाटत नाही. माझंही घर तसंच ओलांडलं गेलं असतं. लेकीला उद्या माहेर म्हणून यायला जागा राहिली नसती.

म्हणून मी भिंतींना चुना लावत होते. घरातली गोधडीन् गोधडी धुवून काढली होती. तेवढ्यात मोठी जेठाणी दारात येऊन उभी राहिली. हिच्या अंगावर घरातही सगळे दागिने असतात. चोर आला तर त्याला शोधायला लागू नये म्हणून असेल.

"काय वं, इतला चुना कसाले लाई ऱ्हायनी?"

"कानबाई शे ना आमना घर," मी म्हणाले.

"ओ माय! तुले कोनी सांगंच नई का? यंदा कानबाई आमना बंगलामा बठनार शे. सुरतना लोके येतीन. त्यास्न्या गाड्या काय तुन्हा बोळमा घालशी?"

 ब्रशवरचा चुना माझ्या कोपरापर्यंत ओघळला.

"आनि एक सांगू का, राग नको मानू. तुन्हा घरमा मानूस नई. चौरंग कोन मांडी? आरती कोन धरी?"

मी "बरं" म्हणाले. मला दुसरं काही बोलता येत नाही असं सगळ्यांना वाटतं आणि तोंडाने तर खरंच येत नाही. पण मागच्या बारीला आमच्या घरात माणूस होता, तेव्हाचं मला चांगलं आठवतं. चौरंग मी मांडला होता, केळीचे खांब मी बांधले होते, नारळाला नथ मी घातली होती. माणूस ओट्यावर पान खात बसला होता आणि चहा झाला का म्हणून आत विचारत होता. देव त्याला सुखात ठेवो. पण चौरंग काही त्याने मांडला नव्हता.

संध्याकाळी खुद्द जेठ आले. आमच्यात जेठ धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर तिसऱ्याशी बोलतात आणि तिने ऐकायचं. त्या दिवशी अंगणात तिसरं कोणी नव्हतं, म्हणून ते शेवग्याच्या झाडाशी बोलले.

"गैरसमज करानी गरज नई," त्यांनी शेवग्याला सांगितलं. "बंगला मोठा शे, म्हनीसन तठे बठाडी ऱ्हायनूत. पुढला साल दखूत."

मी दाराआड पदर ओढून उभी होते. शेवगा काही बोलला नाही, तेव्हा सगळं मान्य झालं असं समजून ते निघून गेले. पंचायतीत यांना फार मुद्देसूद बोलणारा माणूस म्हणतात.

लेक आतून हे ऐकत होती. "माय, तू बोलत काबर नई?" ती चिडून म्हणाली. मी तिला वाढायला घेतलं. नंतर काकीकडे गेले. काकी दारात बसून ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत होती, कारण तिच्या दारातून दुसरं काही दिसतच नाही.

"पुढला साल म्हने का तो?" काकीने विचारलं. "मलेबी तसंच म्हने व्हतात. त्या पुढला सालनी वाट दखीसन मन्हा बठ्ठा दात पडी गयात."

शुक्रवारी बंगल्यावर गहू मोजायला बोलावणं आलं. कानबाईचा प्रसाद म्हणजे रोट, गहू आणि हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाच्या गूळ घातलेल्या जाड पोळ्या. त्याचे नियम कडक. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे. बाईची मूठ नाही. रोट फक्त भाऊबंदकीने खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. टाकायचे नाहीत, गुराढोरांना घालायचे नाहीत. खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा कोणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे. पूर्वी घरात खाणारी तोंडं एवढी होती की सोमवारी दुपारी टोपली रिकामी व्हायची, आम्हा सुनांना तळाचा चुरा मिळायचा.

जेठाणी जमिनीवर ऐसपैस बसून मुठी टाकत होती. जेठ झोपाळ्यावर होते. वरच्या आळीतल्या दुसऱ्या भाऊबंदकीने यंदा गव्हाचं मोठं घमेलं भरलं, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"टाक, आखो टाक," ते झोपाळ्यावरून म्हणत होते.

सुरतेला दुकानं असलेल्या तिच्या मुलांच्या मुठी पडल्या, नातवांच्या पडल्या. पुण्याच्या पुतण्याची पडली, जो बापाच्या दहाव्यालाही उशिरा आला होता. कॅनडात गेलेल्याची पडली. कधीच वेगळं होऊन बडोद्याला गेलेल्या चुलत घराच्या मुठी पडल्या, ज्यांचे चेहरे आमच्यातल्या कोणाला आठवत नाहीत. धाकट्या सुनेला दिवस गेले होते, तर पोटातल्याचीही पडली. मुलगाच होणार हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. घमेलं भरलं, मग दुसरं आणलं.

"इतला रोट पौर्णिमालोंग खाई कोन?" काकीने भिंतीला टेकून विचारलं.

"खानारा भरपूर शेत, काकी. तुमी तुमना दात सांभाळा," जेठाणी म्हणाली. काकीला दात नाहीत हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळ्याजणी खूप हसल्या.

माझी लेक माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मोठीमाय, आमना घरनी मूठ?"

"तुन्हा बाप नई आते. कोनी टाकू?"

"मन्ही टाक."

"तू काय आंडोर शे का? तू आंडेर. सक्काय दुसरान्या घर जाशी."

आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. पुन्हा हसल्या. मीही तोंडाला पदर लावला, मी हसते आहे असं त्यांना वाटावं म्हणून. लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही.

रोट भाजायला मात्र मी लागत होते. बंगल्यातलं नवीन स्वयंपाकघर धुराने काळं होईल म्हणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली. शनिवारी दुपारपासून रविवारपर्यंत मी, लेक आणि मधली जेठाणी थापत-भाजत बसलो. मधली अधूनमधून कंबर धरून आत जायची आणि पंख्याखाली बसून यायची. सुना दारातून डोकावून "काकू, फार छान वास येतोय" म्हणायच्या. मराठी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलतात त्या. अहिराणी बोललं की त्यांच्या मुलांचं इंग्रजी बिघडतं.

रविवारी रात्री बंगला दिव्यांनी नुसता पेटला होता. कानबाईच्या मागे कागदी मोराचा पडदा, दोन्ही बाजूंना रंग बदलणारे दिवे. नारळाचा चेहरा कधी हिरवा दिसायचा, कधी जांभळा. सुरतेचे लोक आले, मुलं आणि तिथले भाऊबंद. रोटाच्या जोडीला पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी असते, पण ते सगळं करणार कोण, म्हणून शहाद्याहून केटरर आणला होता. पनीर होतं, नूडल्स होत्या, आइस्क्रीमही होतं. सुरतेचे लोक गाडीतून उतरले ते थेट तिकडे गेले. माणसं मुलांच्या तोंडात नूडल्स भरत होती आणि कानबाईपुढे उभं राहून फोटो काढत होती. रोट फिरवले तेव्हा पोटात जागा कोणाच्याच नव्हती. एकाने चिमूटभर तोडून कपाळाला लावला, एकाने जिभेवर ठेवला, एक बाई म्हणाली, "गूळ असतो ना यात? मला वर्ज्य आहे." दुसरी म्हणाली, "एवढा कडक असतो होय!" मग सोमवारी दुकानं उघडायची म्हणून रात्रीच गाड्या परत गेल्या, सुना तेवढ्या पौर्णिमेपर्यंत मागे राहिल्या. कॅनडातल्याने व्हिडिओवरून हात जोडले. त्याची मूठ टोपलीत होती.

सोमवारी मिरवणूक निघाली. पुढे डीजे, मागे कानबाई. चौरंग घरच्या मोठ्या सुनेने डोक्यावर घ्यायचा. तिने घेतला, बोळाच्या तोंडापर्यंत फोटोपुरता नेला. घाटावर आल्यावर ती हिरव्या फरशीकडे बघून थांबली.

"मम्मी, मी घसरेन."

जेठाणीने स्वतःच्या साडीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौरंग माझ्या डोक्यावर आला. मी टोकाच्या दगडी पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरले, कानबाईला अंघोळ घातली, फुलं सोडली. श्रावणात पाऊस दडी मारून बसला होता, बॅरेजचे दरवाजे बंद होते. फुलं माझ्या गुडघ्यांभोवतीच फिरत राहिली. वर जेठ "सांभाळीसन, सांभाळीसन" असं हवेला सांगत होते. नंतर ग्रुपवर फोटो आला तो लेकीने मला दाखवला. त्यात चौरंग होता, नारळ होता आणि चौरंगाला धरलेले दोन हात. हात कोणाचे ते कापलं होतं.

असो. मिरवणूक संपली, डीजे गेला, आणि बंगल्यात दोन मोठ्या टोपल्या रोट उरले.

जेठांना साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतात. जेठाणीच्या दाढेत सिमेंट भरलेलं आहे. धाकटी सून गरोदर, तिला गुळाच्या वासाने मळमळायचं. मोठी सून म्हणायची की तिला गव्हाची ॲलर्जी आहे, जी नूडल्सच्या वेळी नव्हती. मधल्या जेठाच्या घरच्यांनी आपला वाटा दुधात भिजवून दोन दिवस खाल्ला आणि मग दार लावून घेतलं. काकीला कोणी द्यायला गेलं तर तिने तोंड उघडून हिरड्या दाखवल्या. रोट दिवसेंदिवस कौलासारखे होत चालले आणि पौर्णिमा जवळ येत होती.

गुरुवारी जेठाणी आमच्या दारात आली, हातात झाकलेला मोठा डबा. मी लसूण सोलत होते. लेक तिच्या कॉलेजचं पुस्तक घेऊन बसली होती.

"ले वं, परसाद शे," जेठाणी गोड आवाजात म्हणाली. "तुमी बी घरन्याच ना. आते गोत बदली जास का?"

मी हात पुसायला लागले. प्रसादावर माझा राग नव्हता, तो माझ्याच हातचा होता. पण लेक आधी बोलली.

"मोठीमाय, यामा आमनी मूठ शे का?"

"मूठनं काय लई बसनी तू! परसादले नई म्हनू नई."

"परसाद बाहेरनास्ले चालस नई, तूच सांगस ना? आमना घर मानूस नई, आमनी मूठ नई, आमनी बारी नई. मंग आमी बाहेरन्याच. आमी खाधं तं पाप तुमले लागी."

"शिकाडीसन डोक्यावर बसाडी ठेवं तू इले," जेठाणी मला म्हणाली. "सांग तिले काही."

मी पुन्हा लसूण सोलायला घेतला. पाकळ्या फार नव्हत्या, तरी सोलत राहिले. जेठाणी डबा घेऊन परत गेली. बोळातून जाताना तिने तो पदराखाली घेतला होता. सोमवारी हेच रोट ती वरच्या आळीला दिसावेत म्हणून उघड्या टोपलीत मिरवत होती.

लेक नंतर घाबरली. "माय, मन्हं चुकनं का?" मी नाही म्हणाले. मला स्वतःला तसं बोलता आलं नसतं, पण त्यात चूक काय हे कितीही विचार करून सापडलं नाही.

शनिवारी सकाळी मी धुणं घेऊन दगडी पायऱ्यांवर गेले. दोन-तीन बायका आधीच होत्या. पश्चिमेचा वारा सुटला होता. पाणी हलत नव्हतंच, वाऱ्याने जेवढं सरकेल तेवढं आमच्या काठाकडे सरकत होतं. त्याच्याबरोबर एक पिशवी आली. वरून गच्च बांधलेली, आत हवा राहून फुगलेली. डुलत डुलत आली आणि पायरीला लागली. एकीने धुण्याच्या धोपटण्याने ती ओढून घेतली.

पिशवीवर गणपती छापलेला होता. खाली 'शुभविवाह', त्याखाली मोठ्या अक्षरात जेठांचं नाव आणि आडनाव. थोरल्या मुलाच्या लग्नात आहेराबरोबर वाटलेल्या पिशव्या होत्या त्या. गावात असं घर नाही जिथे ती पिशवी नाही. पण सोडल्यावर आतून जे निघालं ते एकाच घरचं असू शकत होतं. फुगलेले, पिवळे पडलेले रोट.

 मग धोपटणंवाली म्हणाली, "लगीनना आहेर परत उना वं!"

"तापीमायले पचना नई," दुसरी म्हणाली. "तिले बी शुगर व्हयेल शे."

"पेट्रोल जाळीसन टाकाले उना व्हई, आनि पानी त्याना घरलोंग लई उनं!"

त्या इतक्या हसल्या की एकीचं धुणं वाहत गेलं असतं, पाणी वाहत असतं तर. मी हसले नाही. मला लाज वाटत होती, माझ्या हातचे रोट होते ते. त्यांनी पिशवी उचलली आणि घाटावर एका बाकावर नेऊन ठेवली. बाकावरही तेच नाव होतं.

तासाभरात सगळं गाव घाटावर जाऊन आलं. एरवी नदी बघायला कोणी जात नाही.

दुपारी भाऊबंद बसले, काकीच्या ओट्यावर. कानबाईच्या नियमाचं खरंखोटं आता तिलाच माहीत आहे, म्हणून इतक्या वर्षांनी तिच्या दारात माणसं आली. बसायला जागा नव्हती, तेव्हा जेठांनी स्वतः ट्रॅक्टर मागे घेतला. आम्ही बायका दाराशी उभ्या होतो. जेठ आधी म्हणाले कुत्र्याने ओढून नेलं असेल. कुत्रा पिशवीला गाठ कशी मारेल, असं कोणी विचारल्यावर म्हणाले, नदीत सोडणं म्हणजे टाकणं नव्हे, विसर्जनच. मग म्हणाले आजकाल एवढं कोण बघतं.

"आपला भाऊबन बघतस," काकी म्हणाली. "तू परसाद टाकी दिन्हा. तुन्हा घरमा बठाडेल कानबाई आते बठेल धराव नई. उद्या पौर्णिमा शे. उद्याना आत नारळ दुसरा घर लई जावा, नवा रोट करा, आनि बठ्ठास्नी तठे बठीसन सरावा."

थोडक्यात, बंगल्यात बसलेली कानबाई धरायचीच नाही. आता सगळे घाबरले. पापाला नाही. एकाला त्याच्या केळीच्या बागेची आठवण झाली, वादळ आलं तर? एकाचा मुलगा परीक्षेला बसला होता. प्रत्येकजण आपापली वस्तू मनात मोजून भीत होता. पण घर कोण देणार म्हटल्यावर सगळ्यांच्या घरात अडचणी निघाल्या. मधल्या जेठाचं छत गळत होतं, पाऊस नसताना. एकाकडे रंगकाम होतं. एकाची बायको माहेरी जाणार होती, ती माझ्या शेजारीच उभी होती आणि तिला हे तिथेच कळलं.

 मी पदर नीट केला आणि म्हणाले, "मन्हा घर बठाडा. बारी मन्हीच शे."

आवाज इतका लहान निघाला की काकीला तो पुन्हा मोठ्याने सांगावा लागला. सगळ्यांची तोंडं उजळली. माझ्यावर अन्याय झाला होता तो फिटला याचा तो आनंद नव्हता. काम टळलं होतं. घरात माणूस नाही, हे या वेळी एकालाही आठवलं नाही.

"बरं व्हईन," जेठ ट्रॅक्टरला म्हणाले.

"बारी इनी लागनी," काकीने सगळ्यांसमोर विचारलं. "बोला, लागनी का नई?"

"लागनी, लागनी," म्हणत ते उठले. यंदाची बारी माझ्या नावावर धरली गेली.

त्याच संध्याकाळी गहू मोजले. मोजायला कोणी आलं नाही. मी, लेक आणि काकी. सुरत, पुणे, बडोदा, कॅनडा काही मोजलं नाही. उद्या जे पुरुष माझ्या घरात खाली बसून खाणार होते तेवढ्यांच्याच मुठी टाकल्या. त्याआधी लेकीला म्हटलं, हात घाल. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकीकडे पाहिलं. काकी गव्हातले खडे निवडत होती, ती म्हणाली, "दखस काय, टाक." लेकीने सव्वा मूठ टाकली. मग काकीने आपला सुरकुतलेला हात घातला. शेवटी मी.

पौर्णिमेला ते सगळे आले. आमची खोली लहान, गुडघ्याला गुडघा लावून बसले. पनीर नव्हतं, म्हणून जे होतं ते खाल्लं. जेठ उंबऱ्याजवळ बसून, आधी गोळी घेऊन, एक आख्खा रोट चावत होते आणि कपाळावरचा घाम पुसत होते. जेठाणी एका बाजूच्या दाढेने खात होती. चुराही कोणी ठेवला नाही, भीतीने. हात मी अंगणातल्या खड्ड्यावर धुवायला लावले आणि खड्डा बुजवून टाकला.

आपण कोणाच्या मुठीचं खाल्लं हे एकानेही विचारलं नाही. माझ्या घरी मोजायला यांच्यातला कोणी आलाच नव्हता, त्यामुळे विचारायचं काही आहे हेच त्यांना माहीत नाही. मीही सांगितलं नाही. नारळ आता माझ्या गव्हाच्या कोठीवर लाल फडक्यात आहे. पुढच्या वर्षी बारी मधल्या जेठाची. रोट भाजायला मला बोलावतील. मी जाईन, आणि लेकीला घेऊन जाईन. तोपर्यंत ट्रॅक्टर पुन्हा काकीच्या दारात आलेला असेल. काल संध्याकाळी त्याचं पुढचं चाक अंगणात आलंच होतं.